शाळूच्या रानातले स्वार

मे महिन्यात सोलापुरात धातूच्या चिमुकल्या घोडेस्वारांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारायचा तर पहाटे साडेपाचला गच्चीवर हजर राहावं लागतं. सात वाजले की संपलं. ऊन चढल्यावर कॅनमधला फवारा घोड्यापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि अंगावर रंग न बसता नुसती भुकटी बसते. बोट फिरवलं तर पॉलिश पेपर लागावा तसं लागतं. मागच्या वर्षी माझे अठरा घोडे असे गेले. ते डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवले, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. (कुणाला करायचं असेल तर घासणं डेटॉलमध्येच पुरं करा. मध्येच पाणी लागलं की निघालेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो लगामाच्या खाचांमधून निघता निघत नाही.)

यंदा तशी वेळ आली नाही. परवा पहाटे शेवटच्या सहा स्वारांना करडा प्रायमर मारला. आता एकूण शहाण्णव झाले.

फौज आष्टीच्या लढाईतली आहे, मराठ्यांच्या बाजूची. बीडची नव्हे, आपल्या मोहोळ तालुक्यातली आष्टी. खडकीच्या लढाईनंतर, म्हणजे नोव्हेंबर १८१७ पासून, दुसरा बाजीराव इंग्रजांच्या पुढं पळत होता. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराजही त्याच्याबरोबर होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल स्मिथनं त्याला आष्टीजवळ गाठलं. पेशव्याला निसटता यावं म्हणून त्याचे सेनापती बापू गोखले स्वार घेऊन मागं थांबले. नाल्याजवळ इंग्रजांच्या पलटणी नीट रांगेत येण्याआधीच बापूंनी त्यांच्या बाजूवर घाला घातला, आणि तिथंच ते पडले. स्मिथच्याही डोक्याला जखम झाली. प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. पुढं मे महिन्यात इंग्रजांच्या जनरल मन्रोनं सोलापूर घेतलं. इथं पेशव्यांचं पायदळ आणि तोफखाना गणपतराव पानशांच्या हाताखाली होता. शाळेची आमची सहल भुईकोटात जायची, सिद्धेश्वर तलावाच्या काठानं, आणि बुरुजावर उभं राहून डबे खाल्ले की संपायची. आष्टीचं नाव तेव्हा कुणी काढलं नाही. माझ्या घरापासून गाडीवर तासाभराच्या अंतरावर बापू गोखले पडले, हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. तेव्हापासून ही लढाई टेबलावर मांडायची असं डोक्यात घेतलंय.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धातूचे छोटे सैनिक परदेशातून मागवायचे, साफ करायचे, रंगवायचे, पट्ट्यांवर चिकटवायचे. मग टेबलावर जमीन मांडून, फुटपट्टीनं अंतर मोजत, फासे टाकत दोघांनी लढाई खेळायची. माझी फौज पंधरा मिलिमीटरची आहे, म्हणजे उभा माणूस साधारण करंगळीच्या नखाहून थोडा उंच. ४० बाय ३० मिलिमीटरच्या एका पट्टीवर तीन स्वार. बत्तीस पट्ट्या. इंग्रजी बाजू पुण्यातला एक मित्र रंगवतोय, त्यामुळे तिकडचं इथं काही सांगत नाही.

घोडे आधी. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ उभं होतं, आणि भीमा आपल्याच जिल्ह्यातून वाहते. म्हणून घोडा ठेंगणा, काटक, पोटाशी आवळलेला दिसला पाहिजे. विकत मिळणारे घोडे बहुतेक युरोपी बांध्याचे, भरल्या मांड्यांचे. मी मानेवरची आणि मांडीवरची थोडी धातू कानशीनं काढतो. रंगाला सगळ्यात सोपी रीत तैलरंगाची. घोड्याला आधी फिकट तपकिरी अ‍ॅक्रिलिक द्यायचा, तो पक्का सुकला की वरून गडद तपकिरी तैलरंग सगळीकडे फासायचा, दहा मिनिटांनी स्पंजच्या तुकड्यानं हलकेच पुसायचा. उंचवट्यावरचा रंग निघतो, खाचेतला राहतो, आणि स्नायू आपोआप उठून दिसतात. कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी घोडा असा दहा मिनिटांत होतो. अबलख मात्र हातानंच करावा लागतो, आणि त्याचे ठिपके सारखे आले की घोडा गाईसारखा दिसायला लागतो. शहाण्णवात मी चारच अबलख ठेवलेत. पंचकल्याणी सहा, कारण चार पाय आणि कपाळ पांढरं करायला मला मनापासून आवडतं.

आता कपडे. इथं मी जरा जास्त बोलणार.

माझं रोजचं काम रंगाचंच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखातं बघतो. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या तुकड्याशी शेड जुळवायची, ट्यूबलाइटखाली बघायची, मग दारात उन्हात नेऊन बघायची. आजोबाही गिरणीत रंगखात्यातच होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या. त्यामुळे दोन मिलिमीटरच्या शेल्यावर ब्रश टेकवताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे कापड कशात बुडवलंय?

पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला तो १८५६ मध्ये. अ‍ॅलिझरीनचा लाल कारखान्यात बनायला लागला १८६९ नंतर. कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. म्हणजे आष्टीच्या स्वाराच्या अंगावर जे काही आहे ते बहुतेक झाडापाल्याचं, मुळाचं, फुलाचं. लाल आला तो ‘आल’ नावाच्या झाडाच्या मुळांतून आणि मंजिष्ठेतून, विटकरीकडं झुकणारा. निळा आला निळीतून, कापड जितक्या वेळा बुडवलं तितका गडद. पिवळा हळदीचा, पण हळद उन्हात उडते. काळा हरडा आणि लोखंडाचा, आणि तो जुना झाला की तपकिरी पडतो. गुलाबी कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. लग्नाच्या मुंडाशाला शोभतो, पण उन्हात फार दिवस तग धरत नाही. आणि ही फौज नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तीन महिने घोड्यावर आहे. धुणं नाही, सावली नाही.

म्हणून बाटलीतून थेट रंग मी कधीच लावत नाही. निळ्यात थोडा करडा मिसळतो, लालात थोडा तपकिरी, पिवळ्यात मातकट रंग. उजेडाची जागा दाखवताना लालावर गुलाबी चढवायचा नाही, नारिंगीकडं न्यायचा. नाहीतर तो लगेच रासायनिक दिसतो. तिघांतले दोघं बिनरंगी कापडात ठेवतो. बिनरंगी म्हणजे पांढरं नव्हे. कोऱ्या सुती कापडाचा रंग ताकासारखा असतो, पिवळसर करडा. त्याला खाकी खालून, हस्तिदंती वरून, आणि निव्वळ पांढरा फक्त खांद्यावर नि मुंडाशाच्या वरच्या वेढ्यावर एक-एक टिंब. एवढं केलं की दोन फुटांवरून बघताना पट्टी उन्हात उभी असल्यासारखी दिसते. बहुतेक लोक मराठी फौज रंगवताना प्रत्येक स्वाराला वेगळा झगझगीत रंग देतात. गणवेश नव्हता म्हणून सगळे रंगीबेरंगी, असा त्यामागचा विचार. मला तो पटत नाही. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार थोडा नटलेला असेल, सरकारी घोड्यावरचा बारगीर साधाच असणार, आणि तीन महिन्यांच्या धुळीनं दोघांचाही रंग जवळ आलेला असणार.

मुंडासं हा वेगळा त्रास. मूर्तिकार परदेशी, त्यांच्या मनात भारतातलं पागोटं एकच. माझ्या चाळीसेक स्वारांची डोकी मी इपॉक्सी पुट्टीनं परत बांधली. पुट्टीची बारीक सुतळी वळायची, ती तिरकी गुंडाळायची, ओल्या सुईनं पीळ दाखवायचा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुन्या ढाली आणि कपडे बघत एक पूर्ण दुपार घालवली होती, तिचा इथं उपयोग झाला. ढालीवरची चार फुलं चार टिंबांनी होतात.

जरीपटक्याला सोनेरी रंग वापरू नका. एवढ्या लहान निशाणावर धातूचा सोनेरी काळपट पडतो. मातकट पिवळा, त्यावर पिवळा, कडेला लिंबोणी रेघ. जर उन्हात चमकते ती अशीच दिसते. खडकीला जरीपटका मोरोपंत दीक्षितांकडे होता आणि ते तिथं पडले. आष्टीसाठी निशाण रंगवताना हे सारखं आठवत होतं, म्हणून तीन दिवस गेले त्या दीड सेंटिमीटरवर.

इथवरचं सगळं मला जमत होतं. चुकलो ते पायाखाली.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी पहिल्यांदा आष्टीला गेलो, मोटारसायकलवर. फोटो काढले. सगळीकडं ऊस, हिरवागार, आणि पलीकडं तलावाचं पाणी. घरी येऊन त्या फोटोंवरून वीस पट्ट्या केल्या. बाहेरून मागवलेलं हिरवं गवत, त्यात गडद हिरवे झुपके. सुंदर झाल्या होत्या. टेबलासाठी तलावाचा तुकडाही कापायला घेतला होता.

मग बांधावरचे दगड आणायला परत गेलो. एका शेताच्या कडेला एक म्हातारे शेतकरी बैलांना पाणी पाजत होते. मी खिशातून एक पट्टी काढून त्यांना दाखवली, लढाईचं सांगितलं. लढाई त्यांना ठाऊक होती. त्यांनी पट्टी डोळ्याजवळ धरली, चष्मा वर करून बघितली.

"घोडं झ्याक हाय," ते म्हणाले. "पर हे गवत कुठलं?"

"इथलंच मामा. हे काय समोर हिरवं."

"ह्यो ऊस बघूलालाव व्हय तुम्ही? ह्यो उजनीच्या पाण्यावरचा. कॅनल यायच्या आधी हितं माझ्या बापानं शाळूबिगर काय पेरलं न्हाई. ह्या दिवसांत रान पिवळं असायचं, पिवळं."

उजनीचं धरण १९८० चं. मला ते माहीत होतं. तलावही इंग्रजी अमदानीतला, लढाईनंतरचा. तेही वाचलं होतं. कपड्याच्या रंगाचं साल शोधणारा मी, जमिनीचं साल बघितलं नव्हतं. घरी येऊन वीसच्या वीस पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या. गवत, फेविकॉल सगळं खरवडून काढलं. दोन घोड्यांचे पाय तुटले, ते पिन घालून जोडले.

मग ठरवलं की पट्टीवर माती आष्टीचीच. मामांनी पिशवीभर काळी माती दिली. "माती नेऊलालाव, आन किती लागंल?" एवढंच विचारलं त्यांनी. मी चाळून, फेविकॉलमध्ये कालवून ती पट्टीवर थापली. आठवड्यात भेगा पडल्या आणि पोपडे सुटले. काळी माती पाण्यानं फुगते, सुकताना आकसते. रानात हातभर खोल भेगा पडतात त्या त्यामुळेच, आणि पट्टीवरही ती तेच करते. शिवाय फेविकॉलच्या ओलीनं पट्टीच्या पातळ एमडीएफला, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीला, बाक आला. पावसाळ्यात उरलेल्या दोन पट्ट्यांवर बुरशी चढली.

बऱ्याच प्रयोगांनंतर जे जुळलं ते सांगतो. माती जुन्या तव्यावर पंधरा मिनिटं भाजायची, म्हणजे किडे, बिया, ओल सगळं जातं. पीठ चाळायच्या चाळणीनं चाळायची (स्वयंपाकघरातली नव्हे, वेगळी आणा, घरात शांतता राहते). एक भाग माती, दोन भाग बारीक वाळू, थोडी वॉल पुट्टी, आणि फेविकॉल अर्ध्या पाण्यात. पट्टीला आधी खालून आणि वरून दोन्हीकडून रंग द्यायचा, मग बाक येत नाही. जाड थर एकदम नको. पातळ थर दोनदा. आणि सुकल्यावर ती रंगवायचीच. खरी माती लावली तर रंग कशाला, असं वाटेल. पण फेविकॉल पिऊन माती डांबरासारखी काळी होते, आणि एवढ्या लहान स्वाराच्या पायाखाली तो काळा फार जड दिसतो. उन्हातलं रान लांबून बघा, ते काळं नसतं, करडं-तपकिरी असतं. म्हणून गडद तपकिरीवर करडा, मग उंचवट्यांवर कोरड्या ब्रशनं खाकी. वाटा मुरमाच्या, तांबूस. त्यासाठी मुरूम वेगळा चाळून ठेवलाय.

मग शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. लढाई फेब्रुवारीतली, तेव्हा इकडं शाळू काढणीला आलेला असतो किंवा नुकता काढलेला. मामांच्या भावकीतल्या एकाकडं थोडा पेरलेला होता, मालदांडी जातीचा. टेप लावून मोजला, सात फूट. माझ्या फिगरच्या मापात एकोणीस मिलिमीटर. घोड्याची पाठ बारा. म्हणजे उभ्या शाळवात स्वार शिरला तर घोडा पूर्ण झाकला जातो. वर दिसतात फक्त मुंडाशी आणि भाले. हे कागदावर गणित करताना मला कळलं आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या दिवशी कुठलं रान उभं होतं नि कुठलं काढलेलं, हे ठरवणं माझ्या हातात आहे, पण स्वारांना एकमेकांचं काय दिसत होतं आणि काय नाही, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. आता टेबलावर चार तुकडे उभ्या शाळवाचे आहेत, आणि त्यात शिरलेल्या पट्टीला समोरच्यानं जवळ येईपर्यंत नेम धरायचा नाही, असा नियम आम्ही दोघांनी घातलाय.

शाळू केला तो नारळाच्या काथ्यापासून. एकोणीस मिलिमीटरचे तुकडे, फिकट पिवळ्या रंगात बुडवून वाळवलेले, फोमच्या पट्टीत एकेक रोवलेले. एका तुकड्यात चारशेच्या आसपास ताटं. कणसासाठी टोकं फेविकॉलमध्ये बुडवून आधी रव्यात बुडवली होती. रूप हुबेहूब आलं, आणि चौथ्या दिवशी कपाटात मुंग्यांची रांग लागली. आता बारीक वाळू वापरतो. काढलेल्या रानासाठी केरसुणीची टोकं तिरकी कापून रोवतो. शाळवाची धसकटं तिरकीच तुटतात आणि अनवाणी पायाला लागतात, हे ज्याच्या पायाला लागलंय त्याला सांगायला नको. पट्टीच्या कडेला एखादी पेंढी.

झाडं फक्त बाभूळ, बोर आणि कडुनिंब. वेडी बाभूळ आज प्रत्येक माळावर आहे, पण ती बाहेरून आणलेली आणि या लढाईनंतर इकडं पसरलेली, म्हणून टेबलावर नाही. गुलमोहर नाही. निलगिरी नाही. बाभळीला तांब्याच्या तारेचा पीळ आणि वर विरळ शेंडा. खालून आभाळ दिसलं पाहिजे. सावली दाट पडली की ती बाभूळ नाहीच.

पट्ट्यांच्या खाली पत्र्याचे तुकडे लावलेत आणि डब्यात चुंबकाची शीट. डबे शेंगाचटणीचे, चौकोनी, पाच. गाडीवर नेले तरी स्वार हलत नाहीत.

गेल्या रविवारी दोन डबे घेऊन आष्टीला गेलो. मामा ओट्यावर होते. मी झाकण उघडून डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. एकेक पट्टी उचलून बघत होते, शाळवाच्या धसकटांवरून बोट फिरवत होते. नातवाला हाक मारून दाखवली. मग बापूंची पट्टी हातात घेतली. ती मी मोठी केलीय, साठ मिलिमीटरची गोल, नाल्याच्या काठावर, बापू आणि दोन स्वार, मागं जरीपटका. तिच्यावरची माती त्यांनी नखानं हळूच खरवडली आणि बोटांत चोळून बघितली.

"ही मी दिलेली न्हवं?"

"तीच मामा."

"मग चुकूलालाव तुम्ही. ही वरच्या रानातली. नाल्याच्या काठाला असली माती नसतीया. तिथं गाळ असतुया, पांढुरका, आन खाली गोटं."

ते उठले, काठी घेतली, आणि नातवाला घमेलं आणायला सांगितलं. आम्ही तिघं नाल्यात उतरलो. गाळ आणि बोरीच्या बियांएवढे गोटे घेऊन मी संध्याकाळी घरी आलो. तो गाळ आता गच्चीवर वाळतोय. नाल्याच्या एकूण सात पट्ट्या आहेत. बापूंची रात्रीच भिजत घातली, उरलेल्या सहा उद्या पहाटे.